कोऱ्या चकतीचा पावसाळा

सिंदेवाहीकडून ब्रह्मपुरीला येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाची रोवणी सुरू झाली की माझं डोकं फिरतं. राग येतो असं नाही, पण अंगात एक भांडखोरपणा शिरतो. बसच्या खिडकीतून चिखलात ओणव्या झालेल्या बाया दिसतात, त्यांच्या पाठीवरचे प्लास्टिकचे कागद दिसतात, बांधावर काढून ठेवलेल्या चपला दिसतात, आणि मला कुणाशी तरी वाद घालावासा वाटतो. शेजारच्या प्रवाशाला याची काही कल्पना नसते. तो बिचारा मोबाइल बघत असतो.

यंदाही तसंच झालं. मी आता ज्या कॉलेजात शिकवते तिथे पोहोचले, प्रयोगशाळेचं कुलूप काढलं आणि सगळ्यात आधी वरच्या फळीवरची लॉरिक आम्लाची बाटली खाली घेतली. हे एक संपृक्त मेदाम्ल आहे, नारळाच्या तेलात भरपूर सापडतं. पांढरं, मेणचट, आणि वास कपडे धुवायच्या वडीसारखा. पुस्तकात त्याचं वर्णन ‘पांढरे पापुद्रे’ असं आहे. ते लिहिणाऱ्याने आमच्या जिल्ह्यातला मे महिना पाहिलेला नसणार. हे आम्ल चव्वेचाळीस अंशांच्या आसपास वितळतं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात सावलीतला पारा त्याच्याही वर जातो. त्यामुळे बाटलीतल्या पापुद्र्यांचं फळीवर बसल्या बसल्या पाणी होतं, आणि पावसाळा लागला की तेच गोठून एक सलग ढेप होते. मग ती टोकरून काढायची. नव्या विद्यार्थिनीने बाटली हलवून विचारलं, "मॅडम, हे खराब झालं का?"

"खराब नाही झालं," मी म्हटलं, "इथलं झालं." तिला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तिने मुकाट्याने टोकरायला घेतलं.

ज्या पावसाळ्याची मला दरवर्षी आठवण होते, त्या पावसाळ्यात मी तिच्याएवढीच होते. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. आमचं गाव तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी आहे. बाबा तलावात मासे धरायचे, थोडं धान होतं, आणि रोवणीच्या दिवसांत माय स्वतःचं आटपून दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवायला जायची. मी सकाळी बसने तालुक्याच्या कॉलेजात आणि सुट्टीच्या दिवशी मायबरोबर चिखलात. माझ्या वर्गातल्या मुलींच्या नखांना रंग असायचा, माझ्या नखांत गाळ. मला त्याची कधी लाज वाटली नाही, उलट जरा मिरवतच होते.

चिखल्या काय असतात हे ज्याला होतात त्यालाच कळतं. दिवसचे दिवस पाय पाण्यात राहिले की बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, फुगते, मग चिरते. आधी खाज, मग आग, मग पू. कुणी म्हणेल बूट घाला. रोवणीत बूट घालून दाखवावेत त्याने. आमच्या बाया संध्याकाळी चुलीपाशी पाय पसरून बसायच्या आणि बेचक्यांत टोरीचं तेल भरायच्या.

मोहाचं फूल सगळ्यांना माहीत असतं, त्याच्याबद्दल बोलायला लोक लांबून येतात. फुलानंतर फळ लागतं आणि त्या फळातली बी म्हणजे टोरी, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. रोवणीच्या आधी बाया ती वेचतात, फोडतात, वाळवतात, वाफवतात आणि पिळून तेल काढतात. पिवळसर, जड तेल. थंडीत तुपासारखं थिजतं. वास असा की पाहुण्यांसमोर बाटली उघडू नये. माय ते पळीत घेऊन निखाऱ्यावर धरायची, बोटाने अंदाज घ्यायची आणि म्हणायची, "आन पाय." चटका बसायचा. मी ओरडायची. ती म्हणायची, "वरड. लागलं म्हंजे लागू पडलं."

त्या वर्षी गावातल्या बचत गटाच्या बायांनी ठरवलं की हे तेल डब्यांत भरून बाजारात विकायचं. कल्पना कौतिकाबाईंची. त्या गटाच्या अध्यक्ष, आणि आवाज असा की तलावाच्या पल्याड उभ्या माणसाने वळून पाहावं. माय त्यांचा उजवा हात. मी हे आमच्या विभागातल्या सरांना सहज बोलून गेले, तर सरांचे डोळेच चमकले. म्हणाले, "अगं, मग हाच तुझा प्रकल्प! टोरीच्या तेलाने जंतू मरतात का ते बघ." तुलनेसाठी लॉरिक आम्ल घ्यायचं ठरलं, कारण जखमेत पू करणाऱ्या जंतूवर ते चालतं हे आधीपासून माहीत होतं. जंतूच्या अंगावरचं आवरणही स्निग्धच असतं. बारा कार्बनांची ही सरळ साखळी त्यात घुसते आणि आवरण ढिलं करून टाकते. दुहेरी कवचाच्या जंतूंपुढे मात्र तिची डाळ शिजत नाही. मला ते तेव्हाच आवडलं होतं. जे जमतं ते जमतं, जे जमत नाही ते जमत नाही. उगाच सगळ्या रोगांवर रामबाण असल्याचा आव नाही.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक इन्क्युबेटर आणि प्रेशर कुकर. गाळणीच्या कागदातून ऑफिसातल्या पंचने छोट्या गोल चकत्या पाडायच्या, कुकरमध्ये निर्जंतुक करायच्या. मेदाम्ल असो की तेल, पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते स्पिरिटमध्ये मिसळायचं, चकतीवर थेंब सोडायचा, चकती पंख्याखाली कोरडी होऊ द्यायची, आणि जंतू पसरलेल्या काचेच्या बशीत ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंचा दुधाळ थर वाढलेला असतो. चकतीवरच्या पदार्थाने जंतू मेले असतील तर चकतीभोवती स्वच्छ रिंगण दिसतं. बस, एवढंच सगळं शास्त्र.

पहिल्याच खेपेला दोन्ही चकत्यांभोवती रिंगण. लॉरिक आम्लाभोवती मोठं, टोरीच्या तेलाभोवती लहान, पण स्पष्ट. सरांनी बशी उजेडात धरली आणि स्टाफरूमपर्यंत तशीच नेली. "घ्या! आपलं जंगल काय चीज आहे बघा!" सर वाईट माणूस नव्हते, हे मी कुणाशीही पैजेवर सांगेन. आपल्या भागाचं कुठेतरी चांगल्या कारणाने नाव व्हावं, असं त्यांना पोटातून वाटायचं. इकडचं नाव पेपरात यायचं तेव्हा कशासाठी यायचं, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं: वाघ आणि बंदुका.

बातमी माझ्याआधी गावात पोहोचली. मी बसमधून उतरले तर कौतिकाबाई पाळीवरूनच ओरडल्या, "पोट्टे, आपल्या तेलानं जंतू मरतेत म्हंते ना वो!" त्या आठवड्यात डब्यांची लेबलं छापून आली. मोहाच्या फांदीचं चित्र, आणि खाली लाल अक्षरांत एकच शब्द: जंतुनाशक. मायने एक लेबल आमच्या दारावर भाताच्या शिताने चिकटवलं. लिहिता-वाचता तिला बेताचंच यायचं, पण तो शब्द ती येणाऱ्याजाणाऱ्याला बोट फिरवून वाचून दाखवायची.

आणि माझ्या मनात मात्र खुट्ट झालं होतं. ज्या दिवशी चकत्या लावल्या त्या दिवशी वीज नव्हती. पंखा बंद. पावसाची झड लागलेली. असल्या हवेत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, डब्यातलं मीठ पाझरतं, मग चकत्या कशा वाळतील? बशीवर झाकण ठेवताना मला स्पिरिटचा वास आला होता. स्पिरिट स्वतःच जंतू मारतं. मग ते रिंगण तेलाचं होतं की स्पिरिटचं?

याचा निकाल लावायला फार अक्कल लागत नाही. एक कोरी चकती लागते. तिच्यावर ना तेल, ना आम्ल, नुसतं स्पिरिट. ती बाकीच्यांच्या शेजारी ठेवायची. खरं तर ती प्रत्येक बशीत हवीच, पण आमच्याकडे तिला फाटा द्यायची पद्धत पडून गेली होती. बशा मोजक्या, प्रत्येक बशीत जागा मोजकी, आणि सरांचं म्हणणं, "कोऱ्यात कोरंच दिसणार, कशाला एक जागा वाया घालवायची?" मी ती जागा वाया घालवली. तसाच पावसाळी दिवस, तसाच बंद पंखा, आणि कोरी चकती.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या चकतीभोवती रिंगण होतं. टोरीच्या तेलाभोवती होतं अगदी तेवढंच.

मग मी चकत्या इन्क्युबेटरच्या उबेला ठेवून पार कोरड्या केल्या, वास घेऊन घेऊन खात्री केली आणि पुन्हा लावल्या. कोऱ्या चकतीभोवती काही नाही. टोरीच्या तेलाभोवती काही नाही, जंतू थेट चकतीला टेकून वाढलेले. लॉरिक आम्लाभोवतीचं रिंगण थोडं आखडलं होतं, पण होतं. मी पुन्हा केलं, आणि परत एकदा केलं. तेल आपलं मत बदलायला तयार नव्हतं. दारावर चिकटवलेला तो लाल शब्द डोळ्यांपुढून हलेना.

सरांनी पहिली, ओली आणि कोरडी अशा तिन्ही बशा पाहिल्या आणि चष्मा काढून पुसत बसले. "हे बघ," ते म्हणाले, "पहिल्या खेपेला आलं होतं ना रिंगण? तेवढं दाखव. खोटं तर नाही ना ते?"

"सर, रिंगण खरं आहे. तेलाचं नाही."

"तुला कळतंय का, तू कुणाचं नुकसान करून राहिलीस? त्या बायांचं. तुझ्या आईचं."

मला कळत होतं, म्हणूनच माझा आवाज चढला. मी म्हटलं, "सर, कुणी चिरलेल्या पायाला हे जंतुनाशक म्हणून लावलं, दवाखान्यात गेलंच नाही, आणि पाय सडला, तर ते कुणाचं नुकसान?" सर एवढंच म्हणाले की कार्यक्रम ठरलेला आहे, पाहुणे येणार आहेत, बचत गटाच्या बायांना डब्यांसकट बोलावलं आहे, आणि मी काय बोलायचं ते मी ठरवावं. हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं, त्यात मला परवानगी कमी आणि धमकी जास्त ऐकू आली.

घरी सांगणं त्याहून कठीण गेलं. माय चुलीपुढे, कौतिकाबाई दाराशी पाट घेऊन बसलेल्या. मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. मायने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"म्हंजे आमी आतापावतर येडेच होतो?" कौतिकाबाई म्हणाल्या.

"येडे काऊन? तेल बरंच हाय. पानी लागू देत नाई, कातडी नरम ठेवते. पर जंतू मारत नाई."

"अन् तुहं ते दुसरं? बाटलीतलं? ते मारते?"

"मारते. ते नारळाच्या तेलात असते."

यावर माय उठलीच. "नारळात हाय अन् आमच्या मोहात नाई? आपल्या अख्ख्या शिवारात एक नारळाचं झाड दाखव मले! ज्याच्या बुडाशी वाढली त्याच्यात नाई, अन् कुठच्या समिंदराकाठच्या झाडात हाय! हेच शिकाले धाडलं होतं का तुले?"

"माय, झाडानं काय आपलं गाव पाहून आम्ल भरलं का?"

"तोंड नोको चालवू." तिने पळी आपटली. "तो एक शबुद राह्यला तं तुहं काय जाते?"

मी म्हटलं, "माहं नाव जाते." ती माझ्याकडे पाठ करून भाकरी थापत राहिली. त्या संध्याकाळी माझ्या पायांना कुणी तेल लावलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

आज इतक्या वर्षांनी लोक मला विचारतात, तेव्हा जरा नमतं घेतलं असतं तर बरं झालं नसतं का? नसतं झालं. मला कसलीही खंत नाही. आमच्या या भागाकडे बघायची लोकांना दोनच खिडक्या ठाऊक आहेत. एका खिडकीतून आम्ही अडाणी दिसतो, दुसरीतून चमत्कारी. पहिल्या खिडकीवाला आमचं तेल फेकून द्या म्हणतो, दुसरीवाला तेच तेल डोळे मिटून कपाळाला लावतो. तपासून कुणीच बघत नाही. शहरातल्या एखाद्या औषधाला दहा परीक्षा द्याव्या लागतात आणि आमच्या मुळ्या-पाल्याला एकही नाही, हा काय मान झाला? हा अपमान आहे, फक्त हार घालून केलेला. माझ्या मायच्या तेलालाही कोऱ्या चकतीशेजारी बसायचा हक्क आहे, आणि नापास व्हायचाही हक्क आहे. नापास झालेलं पोर घरातून हाकलत नाहीत.

लॉरिक आम्लालाही मी तोच न्याय लावते. बशीतलं रिंगण म्हणजे माणसाचा पाय नव्हे. बशीत जंतू एकटे असतात, पायावर चिखल असतो, घाम असतो, दुसऱ्या दिवशीची रोवणी असते. प्रत्येक तुकडीत एखादी मुलगी विचारतेच, "मग मॅडम, खोबरेल लावलं तर चालेल ना?" खोबरेलात हे आम्ल दुसऱ्यांशी बांधलेलं असतं, मोकळं असतं ते अगदी थोडं. म्हणून मी सांगते, केसांना लाव, आणि पायात पू झाला तर दवाखान्यात जा.

कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. हॉलच्या मागच्या बाजूला टेबलावर डब्या मांडलेल्या, लाल शब्द समोर करून. बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. माय भिंतीकडेला बसली होती, पदर घट्ट धरून, आणि माझ्याकडे बघत नव्हती. सरांनी माझी ओळख करून देताना ‘आपल्या मातीतलं संशोधन’ असं दोनदा म्हटलं. मी उभी राहिले.

मी तीन बशा दाखवल्या. कोरडी आणि ओली चकती म्हणजे काय ते सांगितलं. लॉरिक आम्ल काय करतं ते सांगितलं. मग म्हटलं, "टोरीच्या तेलाने हा जंतू मरत नाही. आधी मरतो असं वाटलं होतं, ते स्पिरिटमुळे. तेल चांगलं आहे, पण डबीवरचा शब्द चुकीचा आहे. तो काढायला हवा." हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. एक पाहुणे शेजारच्याला हळूच म्हणाले, "मग हा कार्यक्रम कशाला ठेवला?" टाळ्या वाजल्या नाहीत. मी बशा गोळा करून खाली उतरले तेव्हा भिंतीकडेची जागा रिकामी होती. माय निघून गेली होती.

त्यानंतर रोवणी संपेपर्यंत माय माझ्याशी कामापुरतंच बोलली. "पेंडी दे." "सरक." "जेव." आम्ही दोघी एकाच बांधीत शेजारी शेजारी रोवत होतो, मागे मागे सरकत, आणि आमच्यामध्ये हिरव्या काड्यांची ओळ वाढत जायची. पाऊस पाठीवर, चिखल पोटरीपर्यंत. पाण्यात तिचे हात माझ्या हातांपेक्षा दुप्पट वेगाने चालायचे, आणि त्या वेगातही तिचा राग मला दिसत होता. बाकीच्या बाया गाणं धरायच्या, ती तोंड उघडायची नाही. मलाही हट्ट होता. मी माफी मागितली नाही. मागण्यासारखं काही केलंच नव्हतं, आणि तिला दुखावल्याचं दुःख मात्र रोज व्हायचं. दोन्ही एकाच पोटात असायचं. माझ्या बोटांच्या बेचक्या चिरल्या, आणि मी स्वतःच पळीत तेल तापवून लावलं.

गटात काय ठरलं, ते मला कुणी सांगितलं नाही. रोवणी उरकली, धान लागलं, आणि एका बाजाराच्या दिवशी ब्रह्मपुरीला बस बदलायला उतरले असताना मी सहज बाजारात शिरले. सुक्या मासळीच्या रांगेच्या टोकाला पोत्यावर माय आणि कौतिकाबाई बसल्या होत्या. पुढ्यात डब्या. मोहाच्या फांदीचं चित्र तसंच, पण खाली जिथे लाल शब्द होता तिथे खरवडून खरवडून कागद पांढरा पडलेला. प्रत्येक डबीवर. मी मासळीवाल्याच्या ताडपत्रीआड थांबले.

पँट-शर्टातला एक माणूस डबी उचलून उलटीपालटी करत होता. "बाई, जंगलातलं दिसते. यानं जंतू-बिंतू मरतेत का?"

कौतिकाबाईंनी मायकडे पाहिलं. मायने कमरेवर हात ठेवला आणि आजूबाजूच्या चार दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाई मरत! माह्या पोरीनं सोता तपासलं, कालेजात, साऱ्या लोकायसमोर सांगतलं. पानी लागू देत नाई, कातडी नरम राह्यते, बस. पू झाला तं दवाखान्यात जाजा." मग त्याच्या हातातल्या डबीकडे बोट करून म्हणाली, "हे तं तपासली. तुमी दुकानातून आनता त्या डब्या कोनी तपासल्या, तेवढं सांगा मले. घेता का ठेवता?"

त्या माणसाने डबी पिशवीत टाकली.